अठ्ठ्याण्णव गुणांची कवडी

खाडीकाठचा बाजार कवड्यांवर चालायचा, तेव्हाची ही गोष्ट. कवड्या पारखायचं काम बगळेबुवांकडे होतं. ते कवडी न्याहाळायचे, तिला शंभरपैकी गुण द्यायचे आणि पारदर्शक डिंकात बंद करायचे. सत्त्याण्णव गुणांच्या कवडीला चोचभर सुकट मिळायची, अठ्ठ्याण्णवच्या कवडीला टोपलीभर.

एका कावळिणीने पावसाळ्यासाठी साठवलेली टोपलीभर सुकट देऊन अठ्ठ्याण्णवची कवडी घेतली.

शेजारचा खेकडा म्हणाला, "वहिनी, एका गुणाचा फरक तुम्हाला दिसतो का हो?"

"मला कशाला दिसायला हवा? बुवांना दिसतो ना!"

आषाढात पिल्लं उपाशी राहू लागली, तेव्हा ती कवडी विकायला निघाली. वाटेत कवडी चोचीतून निसटून कातळावर पडली आणि डिंक फुटला. आतल्या कवडीवर साधा ओरखडाही नव्हता. तरी उघड्या कवडीला कुणी विचारेना, म्हणून ती बुवांकडे गेली.

बुवांनी मान वाकडी करून बराच वेळ पाहिलं. "सत्त्याण्णव."

"अहो, याच कवडीला तुम्हीच अठ्ठ्याण्णव दिले होते!"

"दिले असतील. त्या दिवशी ऊन चांगलं होतं," बुवा शांतपणे म्हणाले. "पारखणावळीचे दोन बोंबील तेवढे तिथे ठेवा."