ती मिशी कुणाची?

एका गावात एक न्हावी होता, लिंबाजी. भोळा इतका, की गिऱ्हाईक म्हणालं, "माझा जरा डोळा लागतोय," तर हा विचारायचा, "कुठला, डावा का उजवा?"

लिंबाजीला दोन पोरं. थोरली गोजरा, धाकटा सोपान. गोजराला मोटारी दुरुस्त करायला शिकायचं होतं. तालुक्याचा मेस्त्री म्हणाला होता, सोमवारी बापाला घेऊन ये, बाप हो म्हणाला तर ठेवून घेतो. सोपानला लग्नाच्या आचाऱ्याच्या हाताखाली जायचं होतं.

लिंबाजी म्हणाला, "आप्पांना विचारतो."

आप्पा म्हणजे गावचे कारभारी. दारातून आधी त्यांची मिशी आत यायची, मग आप्पा.

"लिंब्या," आप्पा मिशीला पीळ देत म्हणाले, "बाईचं काम बाईनं, बाप्याचं बाप्यानं. त्यात विचारायचं काय?"

"पण कुठलं कुणाचं, हे वळखायचं कसं?"

"अरे, बोलण्यातच आहे की. तो म्हटलं की बाप्या, ती म्हटलं की बाई."

लिंबाजीला पटलं. घरी येऊन त्यानं पोरांना पुढ्यात बसवलं.

"तो मोटार का ती मोटार?"

"ती मोटार," गोजरा म्हणाली.

"मग बाईचंच काम. तू जा. आणि स्वयंपाक?"

"तो स्वयंपाक," सोपान म्हणाला.

"बाप्याचा. तू आचाऱ्याकडं जा. मी उगाच काळजीत होतो."

पोरं हसली, पण घराची घडी विस्कटली. बायको कोंडाबाई भाकरी तव्यावर टाकायला गेली, तर लिंबाजीनं हात धरला. "तवा तो आहे. तू लांब हो." थापायची तिनं, टाकायची यानं. उलटायची कुणी? भाकरी ती, पण तवा तो. दोघं वाद घालत बसले आणि भाकरीचा कोळसा झाला. कोळसा तो. म्हणून लिंबाजीनं खाल्ला.

मग पंचाईत झाली दुधाची. लिंबाजी पुन्हा आप्पांच्या दारात.

"आप्पा, 'ते' म्हटलं तर?"

"ते म्हणजे पोर," आप्पा पान चघळत म्हणाले. "जा आता."

लिंबाजीनं आळीतली पोरं गोळा करून सगळं दूध पाजलं. दुपारी गिऱ्हाईक आलं. लिंबाजीनं त्याच्याकडं निरखून पाहिलं. डोकं ते. त्यानं कात्री पोरांच्या हातात दिली.

ते अर्धवट डोकं बोंबलत आप्पांकडं गेलं. आप्पांनी लिंबाजीला बोलावलं, तेव्हा मोटारीचंही सगळं बाहेर आलं.

"पोरगी मोटारीखाली झोपणार? गाव काय म्हणेल? सोमवारी मीच तालुक्याला जातो आणि मेस्त्रीला सांगतो, हिला ठेवायचं नाही. आणि तू लिंब्या, पुन्हा घोळ घालू नकोस. ज्याची वस्तू त्याच्या हवाली करायची. भलत्याकडं दिसली तर काढून घ्यायची. कळलं?"

"कळलं."

गोजरा त्या दिवशी जेवली नाही. आप्पांचा शब्द मोडायची मेस्त्रीची काय बिशाद.

सोमवार उजाडला. निघण्याआधी आप्पा आपल्या ओसरीवर दाढीला बसले. साबणाचा फेस गार लागला, तसं लगेच घोरायला लागले. लिंबाजीनं दाढी केली. मग त्याचा हात थांबला.

तो मिशी? नाही. ती मिशी. बाईची वस्तू, आणि दिसतेय कुणाकडं?

वस्तरा फिरला. लिंबाजीनं मिशी कागदात बांधली, माजघराच्या दारात गेला आणि पुडी आप्पांच्या बायकोच्या हातात ठेवली.

"अक्का, तुमची वस्तू. इतकी वर्षं चुकून आप्पांकडं राहिली."

अक्कांनी पुडी उघडली. पदर तोंडात कोंबला, तरी हसू आवरेना.

मिशी नसताना आप्पा उंबरा ओलांडतात होय? तालुक्याची एस्टी त्यांच्या दारावरून गेली. आत गोजरा होती, शेजारी लिंबाजी, मेस्त्रीला हो म्हणायला निघालेला. आप्पा तोंडावर उपरणं धरून खिडकीतून ओरडले, "लिंब्या, माझी मिशी गेली, माझी अब्रू गेली!"

लिंबाजीनं एस्टीतून मान बाहेर काढली.

"मिशी अक्कांकडं दिलीय, आप्पा. अब्रूसुद्धा 'ती'च. तीही त्यांच्याकडंच असेल, विचारून बघा."