खिंडीतला उलटा श्री

तिवरखिंडीत वाघजाईच्या देवळीसमोर एक रुंद काळी शिळा आहे. देवळीकडे पाठ करून उभं राहिलं, की तिच्यावर कोरलेला 'श्री' उलटा दिसतो. नवखा माणूस पाथरवटाला हसतो. मग इथले म्हातारे गुरव तुकाबाबा त्याला शिळेच्या खालच्या अंगाला नेऊन बसवतात. "आता बघा," म्हणतात, आणि गोष्ट सांगू लागतात.

फार मागे, धुळपाटीवर बोटानं अक्षरं गिरवायचे दिवस होते. खिंडीखालच्या खोऱ्यात विसोपंत नावाचे पंतोजी होते. माणूस तळमळीचा, पण छडीला हात सैल. त्यांच्या शाळेत एक विपरीत घडायचं, असं सांगतात. समोर बसलेल्या विसोपंतांना पोरांची अक्षरं झकास दिसायची. देशमुख पारखायला येऊन पोरांच्या मागे उभे राहिले, की प्रत्येक पाटीवर देवाचं नाव शीर्षासनात.

"पंत, दसऱ्यापर्यंत सरळ झालं तर ठीक," देशमुख म्हणाले. "नाहीतर शाळा बंद. पोरं गुरांमागे गेलेली बरी."

खोऱ्यात दुसरी शाळा नव्हती. कार्टी देशमुखांपुढे मुद्दाम करतात, असं समजून विसोपंतांनी छड्या मोडल्या, पण अक्षर काही वळेना. अखेर प्रतिपदेला, शाळेच्या सुट्टीच्या दिवशी, ते खिंडीत चढले आणि नवस बोलले: पोरांचं अक्षर सरळ होऊ दे, माझी पंतोजीची बैठक तुझ्या पायाशी सोडीन.

तेवढ्यात पलीकडच्या गावांचे दोन पंतोजी, निळोपंत आणि अंताजी, उन्हाचे टेकायला आले. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. इथे तर तीन जमल्या. आपली विद्या दुसऱ्याला कळू नये म्हणून जपणारी ही माणसं. विसोपंतांनी नजर चुकवली. मग शाळा आठवली, आणि अभिमान गिळून ते म्हणाले, "माझ्या हातून शाळा बुडतेय. कुठं चुकतंय ते मला दिसत नाही. तुम्ही बघा."

दोघं हसले नाहीत, म्हणे. "शिकवा बघू," निळोपंत म्हणाले. "आम्ही तुमची पोरं." आणि ते पिकल्या केसांचे गृहस्थ शिळेच्या खालच्या अंगाला मांडी घालून बसले.

विसोपंतांनी शिळेवर धूळ पसरून श्री काढला. अंताजींनी मान वाकडी केली. "पंत, हा उलटा आहे."

"चांगला सरळ आहे."

"तुम्हाला. जरा इकडे येऊन बसा."

विसोपंत वळसा घालून दोघांच्या मध्ये बसले, आणि त्यांना दिसलं. "मी दाखवलं तेच लेकरांनी काढलं," ते म्हणाले, "आणि मी त्यांना त्याचसाठी मारलं." वयानं थोर असूनही त्यांनी दोघांचे पाय धरले. तसे निळोपंत गडबडीनं उठले. "आता मी शिकवतो," म्हणाले. "माझी पोरं पाढे घडाघडा म्हणतात, पण मधलाच विचारला की गप्प. बघा, माझं कुठं चुकतं."

दसऱ्याला देशमुखांना सगळे श्री सरळ दिसले. विसोपंतांनी छडी देवळीत ठेवली आणि नवस फेडला. पुन्हा ते कधी पोरांसमोर बसले नाहीत, पोरांच्या रांगेत बसून शिकवत राहिले. देशमुखांनी शिळेवर श्री कोरायला पाथरवट धाडला, तेव्हा पंतांनी त्यालाही खालच्याच अंगाला बसवलं.

आजही प्रतिपदेला आसपासच्या शाळांमधले चार-पाच गुरुजी आणि बाई इथे जमतात. एकानं वर उभं राहून न जमलेला धडा शिकवायचा, बाकीच्यांनी खाली पोरं होऊन बसायचं, आणि उठताना शिकवणाऱ्यानं बसलेल्यांच्या पाया पडायचं; त्यात वय बघायचं नाही. पहिला मान मात्र सगळ्यांत जुन्या गुरुजींचा. ते देवळीकडे पाठ करतात, उलट्या श्रीकडे बघतात आणि म्हणतात, "कुठं चुकतंय ते मला दिसत नाही. तुम्ही बघा."