दहा झाले, एक उरला

एका गावात एक भोळा नवरदेव होता. म्हणजे, व्हायचा होता. नाव जनू. ठरलेली मुलगी मंदाकिनी, जर्मनीत नर्स. तिचे वडील बेहेरे मास्तर पुण्यात जर्मन शिकवून गावी परतलेले. त्यांची अट एकच.

"जावईबापू, तिकडे राहायचंय. बारापर्यंत जर्मन आकडे आले नाहीत तर लग्न नाही."

दहापर्यंत जनू सुसाट गेला. अकराला अडला.

"अकरा म्हणजे एल्फ," मास्तर म्हणाले. "मूळ अर्थ ध्यानात ठेवा. जुनी माणसं दहा मोजायची. दहा झाले, एक उरला, तो एल्फ. दोन उरले की त्स्व्योल्फ, बारा."

"एवढंच होय!" जनूने मान डोलावली. त्याने मान डोलावली की आई देवाला हात जोडी.

दुसऱ्या दिवशी आईने अकरा नारळ आणायला धाडलं. जनूने दहा आणले.

"अकरावा कुठाय?"

"उरला. दुकानात."

"अरे शहाण्या, उरलेलं घरी आणायचं असतं!"

जनूने मान डोलावली.

मग शेजारच्या गोदाकाकूंकडे त्याचं केळवण झालं. बारा माणसं. पहिल्या पंगतीला दहा बसली. दोन म्हातारे ओटीवर थांबले. जनू जेवला, हात धुतले आणि दोघांना धरून घरी आला.

"हे काय रे?"

"उरलेले."

"वहिनी, आम्ही जेवलो नाही अजून," म्हातारे म्हणाले.

आईने कपाळाला हात लावला. "माणूस उरला तर उचलून आणू नये, बाबा! आहे तिथंच पाटावर बसवावा, चहा द्यावा."

जनूने मान डोलावली.

लग्नाच्या सकाळी मास्तरांचा निरोप आला: मांडव लहान आहे, नवरदेव धरून अकराच या. दोन गाड्या आल्या. जनूने एकेकाला मोजून चढवलं. दहा झाले. "चला!" म्हणाला. पुढच्या गाडीला वाटलं, नवरदेव मागे. मागचीला वाटलं, पुढे.

मांडवात मंदाकिनी हार घेऊन उभी. मास्तरांनी घाम पुसत फोन लावला.

"जावईबापू, आहात कुठं?"

"घरी. पाटावर."

"अहो, मुहूर्त टळतोय! करताय काय?"

"चहा पितोय. दहा पोचले ना?"

"पोचले!"

"मग मी उरलो. एल्फ!"

मास्तर मटकन खाली बसले. मंदाकिनीने फोन घेतला. हसून तिचं काजळ पसरलं होतं.

"अहो, आता हलू नका. वाटेत आणखी काही कराल. मीच येते तिकडे. शेजारी दुसरा पाट मांडा."

"दुसरा?" जनू आनंदाने उडालाच. "म्हणजे दोन उरले! त्स्व्योल्फ! मास्तरांना सांगा, मी पास झालो!"