उपांत्य सामन्याचा नारळ

एकदा एक गोल झाला की नाही झाला, या प्रश्नापायी एक अख्खे गाव जेवायचे विसरले.

गाव नदीकाठचे आणि फुटबॉलवेडे. सोयरीक जुळवायला आलेल्या पाहुण्यालाही तिथे आधी त्याचा संघ विचारत आणि मगच चहा ठेवत. गावात महाविद्यालये दोन, एक नदीच्या अलीकडे, दुसरे पलीकडे. त्या वर्षी अंतिम सामना या दोघांतच आला. पलीकडचे एका गोलाने पुढे होते. खेळ संपता संपता अलीकडच्या एका खेळाडूने डोक्याने मारलेला चेंडू आडव्या खांबाच्या खालच्या अंगाला लागला, तिथून सरळ जमिनीवर आपटला आणि गोलरक्षकाने झेप घेऊन तो बाहेर ओढला. तो रेषेवर पडला की रेषेच्या आत, हाच तो प्रश्न. पंच चौगुले यांनी नकारार्थी मान हलवली. थोड्याच वेळात शेवटची शिट्टी झाली आणि अलीकडचे हरले.

त्या गोलाच्या जाळीमागे अलीकडच्या महाविद्यालयाचे समर्थक उभे होते. त्यांचा म्होरक्या रणधीर. तो हलगी वाजवी, आणि त्याच्या हलगीवर पोरांचा आवाज चढे नि उतरे. शिट्टी झाल्यावर त्याने हलगी गळ्यातून काढली आणि म्हणाला, "आत होता. माझ्या डोळ्यांदेखत आत होता." एवढे एक वाक्य पुरेसे झाले.

मग पुरावे गोळा होऊ लागले. चौगुल्यांची बहीण नदीच्या पलीकडे दिलेली आहे, हे कोणाला तरी आठवले. सामन्याआधी ते पलीकडच्या प्रशिक्षकाबरोबर चहा पीत उभे होते, हे दुसऱ्याने पाहिले होते. अंधार पडेपर्यंत त्या चहाचे जेवण झाले आणि जेवणात मटण शिजले. संशय एकदा घरात घेतला की तो स्वतःच्या पाटपाण्याची सोय आपणच करतो. सकाळी ज्याला 'चुकला' म्हणत होते, त्याला संध्याकाळी सगळे 'विकला गेला' म्हणू लागले, आणि मधल्या वेळात नवे काहीच घडलेले नव्हते.

रणधीरचा मित्र संपत याने जिल्ह्याच्या संघटनेकडे तक्रार लिहिली. पंचाने पक्षपात केला, त्यांना पुन्हा कधी मैदानात उतरवू नये, अशी मागणी होती. चौगुले एका शाळेत खेळाचे शिक्षक होते. पगार शाळेचा असला तरी माणूस त्यांना ओळखत असे तो गळ्यातल्या शिट्टीमुळे. ती गेली असती, तर गावात मान वर करून चालण्याजोगे त्यांच्यापाशी फारसे उरले नसते. तक्रारीत साक्षीदार म्हणून पहिले नाव रणधीरचे होते, कारण जाळीच्या अगदी मागे तोच होता. त्याची सही झाली की बाकीचे करणार होते.

रणधीर सही करण्याआधी तो कागद घेऊन गुरुजींकडे गेला. गुरुजी तर्कशास्त्राचे निवृत्त अध्यापक. महाविद्यालयामागच्या दोन खोल्यांत राहत आणि ज्याला शिकावेसे वाटे त्याला संध्याकाळी शिकवत. रणधीर तिथे नियमाने जाई. मजकूर पक्का आहे ना, एवढेच त्याला विचारायचे होते.

गुरुजींनी कागद सावकाश वाचला. "मजकूर ठीक आहे," ते म्हणाले. "पण एक काम राहिलंय."

"कोणतं, गुरुजी?"

"उपांत्य सामन्यानंतर तुम्ही चौगुल्यांना मानाचा नारळ दिला होता ना? तो आधी परत मागून आण."

त्या गावची रीतच होती तशी. सामना संपला की जिंकलेल्या बाजूचे समर्थक मैदानाच्या मध्यावर जात आणि पंचाच्या हाती नारळ देत. आम्हाला न्याय मिळाला, असे त्या नारळाने बोलायचे. उपांत्य सामन्यातही चौगुलेच पंच होते आणि तो नारळ रणधीरनेच दिला होता.

रणधीरला हसावे की चिडावे ते कळेना. "गुरुजी, नारळ आता कुठला राहिला असेल?"

"नसेल राहिला. तरी माग. आणि कशाला पाहिजे असं त्यांनी विचारलं, तर खरं कारण सांग. बनवलेलं सांगू नकोस."

"त्यात सांगायचं काय? पंच लबाड निघाला, मान परत घेतला."

"लबाडी कालची, आणि नारळ त्याच्या आधीच्या सामन्याचा," गुरुजी म्हणाले. "तेव्हा कारणही त्या सामन्यातलंच द्यावं लागेल." एवढे बोलून त्यांनी कागद घडी घालून त्याच्या हातात ठेवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी रणधीर चौगुल्यांच्या घराकडे निघाला. वाटेत तो कारण जुळवत होता आणि कारण काही केल्या जुळत नव्हते. उपांत्य सामना त्याच्या डोळ्यांपुढे उभा राहिला. समोर डोंगराकडच्या एका लहान महाविद्यालयाची पोरे होती. टेम्पोत बसून आलेली, हाताच्या बोटांवर मोजावेत एवढे समर्थक घेऊन. बरोबरी चालू असताना अलीकडच्या खेळाडूने गोलासमोर चेंडू खाली घेतला आणि जाळीत मारला. पण खाली घेतला तो हाताने. जाळीमागच्या साऱ्यांना ते समोरून स्वच्छ दिसले. रणधीरचा हात हलगीवर क्षणभर थांबलादेखील. तेवढ्यात चौगुल्यांनी गोल दिला आणि तो थांबलेला हात दुप्पट जोराने वाजू लागला. खेळ संपल्यावर नारळ देताना तो सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला होता, "असा पंच जिल्ह्यात दुसरा नाही." त्या संध्याकाळी गुरुजींकडेही त्याने हाताचा हा किस्सा टाळी वाजवत सांगितला होता. गुरुजी तेव्हा हसले नव्हते, ते त्याला आत्ता आठवले.

चौगुले अंगणात बसले होते. दाढी वाढलेली, डोळे तारवटलेले. रणधीरला पाहून त्यांनी ओळखायचे ते ओळखले, तरी उठून खुर्ची पुढे केली.

"बस की. चहा सांगतो."

"चहा नको, सर." रणधीर उभाच राहिला. "तो नारळ... उपांत्य सामन्याचा. तो परत पाहिजे होता."

चौगुले म्हणाले, "त्याच्या वड्या झाल्या रे. शाळेत पोरांना वाटल्या. दुसरा आणून देतो, पण कशाला पाहिजे तेवढं सांग."

ज्या तोंडाने रणधीर दोन दिवस गाव गाजवत होता, ते तोंड अंगणात येऊन मिटले. कारण एकच होते आणि ते उच्चारले तर आपणच उघडे पडणार होतो, हे त्याला स्वच्छ दिसत होते.

चौगुल्यांना वाटले, पोरगा संकोचतो आहे. तेच बोलू लागले. "परवाच्या गोलाचं म्हणशील, तर मला चेंडू आत गेलेला दिसला नाही. न दिसलेला गोल कसा देऊ? चुकलो असेन. डोळे मिटले की तेच दिसतंय." मग ते म्हणाले, "तू आलायसच तर एक विचारतो. त्या उपांत्य सामन्यात ती डोंगराकडची पोरं हात लागला, हात लागला म्हणून ओरडत होती. माझ्यापुढं नेमके दोघं आडवे आले होते. तू जाळीच्या मागं होतास. लागला होता का रे हात?"

परवाच्या गोलाची साक्ष द्यायला रणधीर पुढे झाला होता, तेव्हा ही साक्ष आपल्याकडे कोणी मागेल असे त्याच्या स्वप्नातही नव्हते. नाही म्हणणे सोपे होते. चौगुल्यांनी विश्वास ठेवला असता, आणि त्याला तेच सहन होईना.

"लागला होता, सर."

चौगुल्यांनी नुसती मान हलवली. "म्हणजे त्या पोरांचं वाटोळं केलं मी," ते म्हणाले. आवाजात राग नव्हता. त्यांनी एका शब्दानेही रणधीरला, मग तू तेव्हा का बोलला नाहीस, असे विचारले नाही. विचारले असते तर त्याला बरे वाटले असते.

तिथून रणधीर तडक गुरुजींकडे गेला आणि घडले ते सांगून खाली बसला. "नारळ नाही आणला," तो म्हणाला.

"तो येणार नव्हताच," गुरुजी म्हणाले. "हे बघ, चौगुले प्रामाणिक आहेत अशी ग्वाही मी देत नाही. माणसाच्या मनात मी शिरलेलो नाही. परवाचा चेंडू आत होता की रेषेवर, तेही मला ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर तुलाही नाही. तुला तो आत हवा होता, एवढंच नक्की आहे. पण त्यांची एक चूक मात्र तुला पूर्ण ठाऊक होती. तिच्याबद्दल तू त्यांना नारळ दिलास. आणि जी चूक नक्की नाही, तिच्यासाठी त्यांची शिट्टी काढून घ्यायला निघालास. पक्षपात या शब्दाचा अर्थ मी तुला वेगळा काय सांगू? पंचाला दिसलं नाही की तो चुकतो. आपल्याला दिसतं, आणि आपण ठरवतो कोणतं दिसलं म्हणायचं. तक्रार जरूर कर, बाळ. अन्याय झाला असेल तर गप्प बसू नये. पण मग दोन्ही सामन्यांची कर."

संध्याकाळी मैदानाच्या पायऱ्यांवर सगळे जमले. संपतने पेन पुढे केले. रणधीरने ते घेतले, आणि परवाच्या गोलाच्या वर उपांत्य सामन्यातला हात लिहिला. खाली मी हे स्वतः पाहिले असे लिहून सही केली. मग तो मजकूर मोठ्याने वाचून दाखवला.

संपत उसळला. "अरे, हे लिहिलं तर आपण फायनललाच नव्हतो, असं होतंय."

"तसंच आहे."

"तू कुणाचा आहेस रे?"

"तुमचाच आहे," रणधीर म्हणाला. "म्हणूनच तुमच्यात बसून विचारतोय. तू माझ्या शेजारी होतास संपत. तुला हात दिसला नव्हता?"

मागच्या पायरीवरून एकजण उठून निघून गेला, त्याच्यामागे आणखी दोघे. "पंचानं ह्यालाच फोडला," असे जाता जाता कोणीतरी म्हणाले, आणि ते रणधीरला ऐकू जाईल याची काळजी घेऊनच म्हणाले. त्याला लागले. ज्या पोरांनी उपांत्य सामन्यानंतर त्याला खांद्यावर घेतले होते, त्यांतलाच तो आवाज होता. संपत मात्र जागचा हलला नाही. बराच वेळ तो पायरीवरचा दगड नखाने खरवडत राहिला.

"दिसला होता," शेवटी तो पुटपुटला. "तू वाजवायचा थांबलास, तेव्हा मीच म्हटलं होतं, वाजव की."

ते रणधीरच्या लक्षातही नव्हते. दोघांनी मिळून तो कागद फाडला. कुणाकुणावर तक्रार करायची, हे ठरवणे आता त्यांना जमणारे नव्हते. आपण उद्या कुठे जायला हवे, तेवढे मात्र दोघांनाही न बोलता कळले होते.

डोंगराकडच्या त्या महाविद्यालयाला एसटीने जावे लागे. इमारत बैठी, पटांगण उताराचे, आणि चेंडू उतारावरून ओढ्यात जाऊ नये म्हणून खालच्या अंगाला काटेरी फांद्या रचलेल्या. कप्तान सराव घेत होता. हे दोघे कोण, ते कळल्यावर त्याने खेळ थांबवला. त्याने त्यांना पाणी दिले. मग रणधीरने हाताबद्दल सांगितले आणि आम्ही सगळ्यांनी ते पाहिले होते हेही सांगितले. संपत खाली मान घालून ऐकत होता.

कप्तानाने चेंडू पायाखाली धरला होता. तो पायाने मागेपुढे करीत तो म्हणाला, "आम्ही येताना टेम्पोत कुणी कुणाशी बोललो नाही. घरी आल्यावर बोललो. आम्हाला वाटलं, चौगुले सर तुम्हीच फोडलेत. बहीण दिलीय म्हणे त्यांची तुमच्या गावात."

संपतने मान वर करून रणधीरकडे पाहिले. तीन दिवसांपूर्वी त्याच बहिणीवरून त्या दोघांनी चौगुल्यांना पलीकडच्यांचे ठरवले होते.

"ते कुणाचेच नव्हते," रणधीर म्हणाला. "त्यांना दिसलं नाही, एवढंच. आम्हाला दिसलं होतं."