फुलाबाईचं दार

"पण भन्ते, या चारांतलं श्रेष्ठ कोणतं, तेवढं सांगा ना!"

डॉक्टर रामटेके पुन्हा तेच विचारत होते.

मी विहाराच्या ओट्यावर तांदूळ निवडत होते. आल्यापासून त्यांचं हेच चाललं होतं. एसटीत कंडक्टर होते तेव्हा असा प्रवासी भेटला की मी सरळ म्हणायचे, पुढे सरका. इथं तसं म्हणता येत नाही.

हे डॉक्टर औषधपाण्याचे नव्हेत. विद्यापीठात कुणी कशावर संशोधन करायचं, ते ठरवणारे मोठे साहेब. भन्ते बोधिसार चीवर घेण्याआधी शाळेत विज्ञान शिकवायचे, तेव्हा हा विश्वदीप रामटेके त्यांच्या वर्गात पहिल्या बाकावर बसायचा. अजूनही तो पहिल्या बाकावरच बसलाय असं वाटायचं.

"चार कोणती?" भन्त्यांनी विचारलं.

"नवीन इमारत झालीय. पण जागा एकाच कामाला पुरेल. उद्या मला एक नाव द्यायचंय. ज्याचं नाव येणार नाही, त्याचं काम बंद. त्याची संशोधन करणारी पोरं घरी."

"कामं कोणती, ते विचारलं."

"विज्ञानवाल्यांचं म्हणाल तर, काळी माती वाळताना तिला भेगा कशा पडतात, हे ते बघतायत. आरोग्यवाले बघतायत की कापूस वेचणाऱ्या बायांना खोकला का धरतो. अभियांत्रिकीचं म्हणजे पाण्याच्या जोरावर आपोआप उघडणारं कालव्याचं दार..."

"ते तुझं."

"माझ्याच विभागाचं," रामटेके जरा गडबडले. "म्हणून तर आलो. मी ते निवडलं तर लोक म्हणतील, स्वतःचंच घेतलं. तुम्ही सांगितलंत तर..."

"आणि चौथं?"

रामटेके हसले. "ते व्यवसाय व्यवस्थापनाचं. आठवडी बाजारात बांगड्यावाल्या एकमेकींना खेटून का बसतात? गिऱ्हाईक तर तेवढंच. मग लांब लांब का बसत नाहीत? एक मुलगी दोन वर्षं बाजार हिंडतेय यासाठी! ते मी आधीच बाजूला ठेवलंय. त्यात मिळण्यासारखं काही नाही."

मला हसू आलं, पण खरं सांगते, लगेच कुतूहलही वाटलं. खरंच, का बसत असतील? मी जन्मभर त्यांच्यातूनच वाट काढत आले, आणि कधी मनात आलं नाही.

भन्ते पाय लांब करून बसले होते. गेल्या आठवड्यात पायरीवरून घसरून घोटा सुजला होता, म्हणून भिक्षेला त्यांच्याऐवजी मीच पात्र घेऊन वस्तीत जात होते.

त्यांनी शेजारचं पात्र उचललं आणि रामटेक्यांपुढे धरलं.

"आज भिक्षेला तू जा."

"मी?"

"मागायचं नाही. घालतील ते घ्यायचं. आणि एकही दार चुकवायचं नाही. कुणी दिलं नाही तरी क्षणभर उभं राहायचं."

"आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर?"

"मध्यान्हीच्या आत ये. नंतर मी जेवत नाही, तुला ठाऊक आहे."

रामटेक्यांनी बूट काढले, पात्र घेतलं आणि निघाले. उन्हात अनवाणी चालताना मोठ्या साहेबांचं काय होतं, ते मी ओट्यावरून मजेत बघत होते. पाप लागो, पण मजा वाटली.

ते परत आले तेव्हा घामाने निथळत होते. पात्र भरलेलं होतं. भात, त्यावर वरण, कुणाची वांग्याची भाजी, कुणाची आलूची, कुणाच्या घरी वाढदिवस असावा, तर वरून शेवयांची खीर. सगळं एकमेकांत शिरलेलं.

"थोडं वेगवेगळं ठेवता आलं असतं," रामटेके नाक मुरडत म्हणाले. "पात्रात कप्पे करून घ्या, भन्ते. मी डिझाइन करून देतो."

भन्त्यांच्या डोळ्यांत हसू चमकलं. रामटेक्यांनी पात्र पुढे केलं. नियमच तसा आहे, हातात दिल्याशिवाय भन्ते अन्नाला शिवत नाहीत.

भन्त्यांनी हात पुढे केलेच नाहीत.

"फुलाबाई आज काय म्हणाल्या?"

"कोण फुलाबाई?"

मी कपाळाला हात लावला.

"शेवटचं घर," मी म्हणाले. "नव्या हौदाजवळचं. ताडपत्रीचं."

"हां, ते!" रामटेके म्हणाले. "बाहेर एक म्हातारी बसली होती, बकरी होती. बिचारीकडे स्वतःपुरतं तरी असेल की नाही. उगाच समोर उभं राहून तिला लाजवायचं कशाला? शिवाय तिथं मिळण्यासारखं काही..."

ते मध्येच थांबले. आपलंच वाक्य आपल्या कानावर पडलं की माणूस थांबतो तसे.

भन्ते नुसतं त्यांच्याकडे बघत राहिले...

रामटेक्यांनी पात्र माझ्यापुढे खाली ठेवलं आणि तसेच, अनवाणी, वस्तीकडे धावत सुटले.

आता फुलाबाई नगराळेचं मी सांगते. भन्ते या विहारात आले तेव्हापासून तिनं पात्रात कधी शितही घातलं नाही. नसतंच तिच्याकडे. पण भन्ते दारात उभे राहिले की ती त्यांना एक प्रश्न विचारते. भाकरी एकाच बाजूनं का फुगते? माझ्या सावलीला माझा पोक आहे, मग माझा खोकला का नाही? असले. भन्ते ते ऐकतात, मान लववतात आणि परत येतात. पाय दुखावल्यापासून तो प्रश्न मी आणायचे आणि जेवणाआधी त्यांना सांगायचे. तो ऐकल्याशिवाय त्यांनी पहिला घास घेतल्याचं मला आठवत नाही.

मी अंगणातल्या सावलीकडे बघितलं. ती पार आखडत आली होती.

"भन्ते, घ्या ना आता. मी देते पात्र हातात. प्रश्न काय, उद्या येईल."

"तो गेलाय ना."

"तो बकरीशी गप्पा मारत बसेल! तुम्ही उपाशी राहाल त्याच्यापायी!"

"असू दे."

असू दे म्हणे! माझा जीव तीळतीळ तुटत होता. या वयात दिवसातून एकदा जेवणारा माणूस, आणि ते एकदाही जाणार. मला त्या साहेबाचा असा राग आला की त्याच्या बुटांत तांदळातले खडे टाकावेत.

साखर कारखान्याचा भोंगा वाजला. मध्यान्ह झाली.

भन्त्यांनी पात्रावर झाकण ठेवलं. मी तोंड फिरवून बसले.

बऱ्याच वेळानं रामटेके आले. पॅन्ट गुडघ्यापर्यंत भिजलेली, एका बाहीला चिखल, केस उभे. चेहरा मात्र असा, की सहावीतला पोरगा प्रयोगशाळेतून पळत आलाय.

"सर!" ते ओरडले. भन्ते म्हणायचं विसरले. "सर, ती बकरी नव्या हौदावर पाणी पीत नाही!"

"बस."

"फुलाबाईंनी विचारलं मला, 'तुमी शिकेल माणूस. मले सांगा, हे बकरी नव्या हौदावर पाणी कायले नाही पेत? लांब डबक्यावर जाते.' मी म्हटलं, सोपं आहे. नवं सिमेंट आहे, पाण्याला चुन्याचा वास असेल. तर त्या म्हणाल्या, 'बकरीले इचारा मंग.' म्हणून मी हौदातलं पाणी बादलीत घेतलं आणि डबक्यापाशी नेऊन ठेवलं..."

"आणि?"

"प्यायली! घटाघटा प्यायली! म्हणजे पाणी वाईट नाही!"

तेवढ्यात त्यांची नजर झाकलेल्या पात्रावर गेली. मग अंगणातल्या सावलीवर. चेहरा एकदम पडला.

"भोंगा... वाजला का?"

"वाजला," मी म्हणाले. जितकं कडू म्हणता येईल तितकं कडू म्हणाले.

"माझ्यामुळे तुम्ही..." त्यांचे डोळे भरले. खाली वाकून त्यांनी कपाळ जमिनीला टेकलं. "चुकलं माझं, भन्ते."

"ताई," भन्ते मला म्हणाले, "ताट आणा. अन्न वाया जायला नको. याला भूक लागली असेल."

मी ताट आणलं. दाणकन ठेवलं, खोटं कशाला बोलू! पात्र त्यात पालथं केलं. वरण खिरीत गेलं, खीर वांग्यात गेली.

रामटेके ताटापुढे बसून राहिले. हात लावेनात.

"मग डबक्यातलं पाणी हौदाजवळ नेऊन पाहिलंस का?" भन्त्यांनी विचारलं.

रामटेक्यांनी मान वर केली.

"नेलं ना! त्याच बादलीतून. तिथं नाही प्यायली. तेच पाणी, तीच बादली. अजून तहान होती, परत डबक्यावर जाऊन प्यायलीच, पण हौदाजवळ नाही." त्यांनी एक घास उचलला. "म्हणजे पाण्यात काही नाही, जागेत आहे. मी हौदाला कान लावला. मोटर चालू झाली की भिंत थरथरते. माणसाला कळत नाही, पण खुराला कळत असेल... ते मला मोजता येईल. पण मोटर बंद केली तरी ती येईना."

"बंद केली तरी?"

"तरी! मग मला वाटलं, जमीन. हौदाचं पाणी सांडून तिथली माती ओली होते, वाळते, ओली होते. केवढ्या भेगा पडल्यात! बकरीचा पाय अडकला असेल कधी. विज्ञानवाल्या पोरांना दाखवायला हवं ते." दुसरा घास, तिसरा घास. बोट चाटून ते पुढे बोलत होते. "आणि फुलाबाई सांगतात, हौद झाल्यापासून तिथं धुणं धुणाऱ्या बायांचे हात खाजतात. त्याचा याच्याशी संबंध आहे की नाही, मला काय कळणार? आरोग्यवाली एखादी पोर तिथं आठवडाभर बसायला हवी."

"बाकीच्या बकऱ्या कुठं पितात?" मी विचारलं.

कसं तोंडातून निघालं कोण जाणे. मी तर रागावले होते.

रामटेक्यांचा घास हातातच राहिला.

"डबक्यावर," ते हळूच म्हणाले. "सगळ्या तिथंच. एकमेकींना खेटून. एवढीशी जागा, तरी..."

त्यांनी घास ताटात परत ठेवला.

"बांगड्यावाल्यांमागे हिंडणाऱ्या त्या पोरीला विचारायला हवं," ते शेवटी म्हणाले. "ती दोन वर्षं हेच बघतेय."

अंगणात चिमण्या निवडलेल्या तांदळावर उतरल्या होत्या. मी त्यांना हाकललं नाही. मला त्या बकरीचंच पडलं होतं. संध्याकाळी हौदावर जाऊन बघायचं मी मनात ठरवूनही टाकलं.

रामटेक्यांनी शेवटचा घास घेतला, बोटानं ताट पुसलं, तेही चाटलं. मग दोन्ही हात जोडले.

"भन्ते, पण हा प्रश्न कोणत्या विभागाचा? मला खरंच कळत नाही. आणि उद्या मला एकच नाव द्यायचंय. तिघांची पोरं घरी जातील. कोणाचं देऊ? श्रेष्ठ कोणतं?"

भन्त्यांनी ते ताट हातात घेतलं. उन्हात धरून उलटसुलट पाहिलं. त्यावर काही उरलं नव्हतं.

"विश्वदीप, यातलं श्रेष्ठ अन्न कोणत्या घरचं होतं रे?"