लागू न पडलेल्या औषधांचं गाणं

ऐका लहानथोर सगळे. गोष्ट इतकी जुनी आहे, की त्या वेळच्या राजाचं नावही आता कुणाला आठवत नाही.

नदीकाठच्या एका गावात गिदोनबुवा नावाचे ख्रिस्ती गवई राहत. रविवारी ते देवळात उपासनेला सारंगी वाजवत आणि बाकीचे दिवस बाजाराच्या गावांना जाऊन गात. लोक खूश होऊन धान्य देत. पोटापुरतं ठेवून बाकीचं सगळं बुवा गावच्या वैद्यीणबाईंच्या ओसरीवर नेऊन ओतत.

का म्हणाल, तर त्या मुलखात एक हट्टी ताप होता. हिवाळ्यात यायचा आणि धडधाकट माणसाला अंथरुणाला खिळवायचा. कितीतरी जण त्यातून उठलेच नाहीत. वैद्यीणबाई त्यावर औषध शोधत होत्या. मुळ्या उकळायच्या, साली कुटायच्या, रोग्याच्या उशाशी बसून राहायचं. आता शोधणाऱ्यालाही पोट असतंच ना! ते बुवांच्या गाण्यावर भरायचं.

"येणार, येणार, औषध येणार!" बुवा गायचे आणि लोक टाळ्या पिटायचे. वर्षं गेली, औषध काही आलं नाही. आणि एका हिवाळ्यात बुवांची बायको लुदिया तापानं पडली. बुवांच्या तोंडचं पाणीच पळालं.

ते वैद्यीणबाईंकडे धावले. बाईंनी मान खाली घातली.

"काय सांगू बुवा? काळी मुळी दिली, काही झालं नाही. कडू पाला दिला, तर उलट्या. डोंगरी सालीनं ताप उतरतो, पण चार दिवसांत परत येतो. सगळी मेहनत पाण्यात गेली. पण हे बाहेर बोलू नका हो, माझं हसं होईल."

वाटेत पाटलांनी बुवांना गाठलं. "अहो बुवा, लोक कंटाळले आता. जत्रेत सरळ गा, औषध सापडलं म्हणून. पोती भरून धान्य येईल. तुमच्या लुदियाबाईंसाठीच सांगतोय."

बुवा तसेच घराकडे निघाले. खोटं गाववेना. आणि खरं गायलं तर धान्य बंद, शोध बंद, मग लुदियाची आशाच सोडायची.

रविवारी ते देवळात गेले. तिथली रीत अशी, की आधी आपल्या चुका देवापुढं कबूल करायच्या आणि मगच स्तुतीचं गाणं. कबुलीआधी सारंगीला हात लावायचा नाही. त्या दिवशी बुवांना स्वतःचीच लाज वाटली. 'देवळात मी चुकलेलं आधी सांगतो. बाजारात मात्र झाकून गातो.'

घरी येऊन त्यांनी लुदियाला विचारलं. ती अंथरुणातूनच म्हणाली, "खरं गा. माझ्या नावानं खोटं गाल, तर बरी झाले तरी तुमचं गाणं ऐकणार नाही मी."

वैद्यीणबाईंना जाऊन सांगितलं, त्या मात्र भडकल्या. "माझी अब्रू वेशीवर टांगताय?"

"बाई, चुकलं ते औषध, तुम्ही नाही. पण सांगितलंच नाही, तर दुसरं कुणीतरी तीच मुळी पुन्हा उकळत बसेल."

बाईंनी उकळत्या मुळीचं भांडं चुलीवरून खाली उतरवलं. मग म्हणाल्या, "गा."

जत्रेत बुवांनी सूर धरला.

"काळी मुळी उकळली, ताप काही जाईना,
कडू पाला वाटला, पोटात काही राहीना,
डोंगराची साल दिली, ताप गेला पळून,
चार दिवस झाले नि आला मागं वळून!"

लोक पोट धरून हसले. पाटलांनी कपाळाला हात लावला. धान्याचा दाणा मिळाला नाही, आणि वैद्यीणबाईंना दुसऱ्यांच्या शेतात निंदणीला जावं लागलं.

पण चाल होती झकास! टिंगल म्हणून का होईना, गाणं ज्याच्या त्याच्या तोंडी बसलं. एक मेंढपाळ ते गुणगुणत डोंगरापलीकडे गेला. तिथं एका म्हाताऱ्या वैद्यानं ते ऐकलं आणि हातातला खल खाली ठेवला.

"थांब रे! ते सालीचं पुन्हा म्हण."

थोड्याच दिवसांत म्हातारा गाठोडं घेऊन नदीकाठी हजर झाला. "बाई, माझ्याकडे एका वेलीचं बी आहे. त्यानं चढलेला ताप उतरत नाही, पण उतरलेला परत येत नाही. मी ते फुकट गेलं म्हणून कुणाला सांगितलंच नाही. आणा तुमची साल."

लुदियानं औषध आधी आपल्यावर करून बघा म्हणून सांगितलं. सालीनं ताप उतरला. मग बी दिलं. चार दिवस गेले, आठ गेले, ताप आला नाही. नवव्या दिवशी लुदिया उठून बसली आणि म्हणाली, "भाकरी आहे का काही? भूक लागलीय." बुवा लहान पोरासारखे रडले.

सारं गाव आनंदात होतं. म्हातारा तेवढा ओसरीच्या कडेला बसून होता. वैद्यीणबाईंनी विचारलं, "काका, काय झालं?"

तो म्हणाला, "मागच्या हिवाळ्यात माझा नातू याच तापानं गेला. साल तुमच्याकडे होती, बी माझ्याकडे होतं, आणि आपण दोघं लाजेनं तोंड मिटून बसलो होतो."

वैद्यीणबाई त्याच्याशेजारी जाऊन बसल्या.

तात्पर्य: आपलं जे फसलं तेही मोकळेपणानं सांगावं, दुसऱ्याचं अडलेलं काम त्यानंच पुढं सरकतं.