रायाजीरावांचा गोठा

रायाजीराव इंगवले म्हणजे गावातलं बडं प्रस्थ. शेजारच्या वाडीत गोवराची साथ आली, तरी लस टोचायला आलेल्या नर्सबाईंना त्यांनी दारातूनच परत धाडलं. “आमचा नातू, आमची मर्जी!” नातू मात्र दिवसभर शेजारच्या धुरपदाबाईंच्या ओसरीवर हुंदडायचा. तिथल्या पाळण्यात त्यांची तान्ही नात होती आणि तिचं लशीचं वय अजून झालं नव्हतं.

धुरपदाबाईंनी हुज्जत घातली नाही. सकाळी आपली गाय नेली आणि सरळ रायाजीरावांच्या गोठ्यात बांधली.

रायाजीराव धोतर सावरत धावले. “वहिनी, हिला लंपीची लस दिलीय का?”

“आमची गाय, आमची मर्जी.”

“मर्जी घाला चुलीत! रोग काय मर्जी विचारून येतो?”

“तुमच्या गुरांना तर टोचलीय ना, भावजी?”

“मोठ्यांना टोचलीय! वासरू कालचं आहे, त्याला अजून लस चालत नाही. त्याच्या जिवावर उठलात का?”

धुरपदाबाईंनी शांतपणे दावं सोडलं. “गायीला लस कधीच दिलीय. पण आमचं वासरूही कालचंच आहे, भावजी. पाळण्यात झोपलंय. एवढी अक्कल गोठ्यात बांधून ठेवलीत, ती जरा घरातही आणा.”